नव्या जांबखेडचा नकाशा

१४ नोव्हेंबर १९८२, बीदर

नव्या जांबखेडचं काम आम्हालाच मिळालं. दुपारी बसवराज जिना चढताना खालूनच ओरडला, "गुंडेराव, उठ की! गाव मिळालं!" उस्मानगंजातल्या आमच्या माडीवर दोन ड्रॉइंग बोर्ड, एक कपाट आणि चार माणसं दाटीवाटीनं बसतील एवढी जागा. इथून आजवर दोन शाळा, एक बसस्टँड, एक कोर्टाची इमारत आणि वकील-डॉक्टरांचे बरेच बंगले कागदावर उतरले. अख्खं गाव पहिल्यांदाच. धरणाचं पाणी चढलं की जुनं जांबखेड बुडणार. त्याआधी वरच्या माळावर नवं उभं करायचं. घरं, शाळा, समाजमंदिर, पंचायत, रस्ते, पाणी, सगळं.

जांबखेड माझं गाव. आमची घरं ओढ्यापलीकडं. मी अकरा वर्षांचा असताना बाबांनी घरातले देव काढले आणि बुद्धाची तसबीर लावली. आम्ही बदललो, ओढा होता तिथंच राहिला. गावाची विहीर अलीकडं, आम्ही पलीकडं. हैदराबादला आर्किटेक्चर शिकून आलो, बाबा गेले, आई अजून तिथंच राहते आणि मी अजून ओढा ओलांडूनच तिच्याकडं जातो. आता तो ओढाच पाण्याखाली जाणार. हे मनात आलं आणि मला हसू फुटलं. माझी बायको इंदिरा चहा घेऊन आली होती. म्हणाली, "एकटेच काय हसायलात?"

३ डिसेंबर

नकाशा जमला. आठ घरांचा एक चौक. प्रत्येक घराचं दार चौकात उघडतं. मधोमध हापसा आणि एक लिंब. असे चौक एकमेकांना बोळानं जोडलेले. या गावाला आतलं-बाहेरचं असं काही राहणार नाही. घरं चिठ्ठ्या टाकून वाटायची. कुणाच्या शेजारी कोण, ते चिठ्ठी ठरवील. मिळालेलं घर अदलाबदल करता येणार नाही, ही अट मी स्वतः घातली.

बसवराज नकाशासमोर बराच वेळ उभा राहिला. "लई देखणा झाला," म्हणाला. मग चष्मा पुसत म्हणाला, "पण गुंडेराव, माझी रुद्रम्मा मावशी जांबखेडातच हाय. तिला मी वळखतो. ती तोंडावर व्हय म्हणंल."

"मग?"

"मग काय न्हाई. आधी लोकांत जाऊन बसू या. दोन्हीकडच्या."

मी म्हणालो, लोकांना विचारत बसलो तर जुनंच गाव पुन्हा बांधावं लागेल. कुणीतरी रेघ ओढायलाच पाहिजे. बसवराज लिंगायत, त्याच्या घरी रोज सकाळी शरणांची वचनं म्हणतात, माणसं सारखी आहेत असं त्यात वारंवार येतं. प्रत्यक्ष वेळ आली की त्याचा पाय मागं येतो. हे त्याला तोंडावर म्हणता येत नाही म्हणून इथं लिहितो.

१६ जानेवारी १९८३

जांबखेडच्या चावडीत सभा झाली. मी नकाशा भिंतीला लावून समजावून सांगितला. रामराव पाटील शेवटी म्हणाले, "सरकारचं काम हाय. आमचं काय म्हणणं न्हाई." सगळ्यांनी माना डोलावल्या. एकानंही विरोध केला नाही. मला वाटलं होतं भांडण होईल. लोक आपण समजतो त्यापेक्षा पुढं गेलेले असतात.

मग पलीकडं आमच्या लोकांत गेलो. तिथंही शांतता. चांगुणाबाई तेवढी बोलली. ती विधवा बाई, मजुरी करून राहते, जिभेनं तिखट. "नकाशात समदं बेस हाय. माणसं कुठं काढलीस?" सगळे हसले, मीही हसलो.

आईनं जेवताना विचारलं, "आपल्या समद्यांला एका जाग्यावर ठिवता आलं न्हाई का रे? दुखलं-खुपलं तर हाक मारायला."

"आई, पुन्हा वेगळी वस्ती? तेच तर मोडायचंय."

"मोड बाबा," ती म्हणाली. "मी कुठं नको म्हणायलेय." आणि माझ्या ताटात आणखी एक भाकरी टाकली.

२० डिसेंबर

आज चिठ्ठ्या निघाल्या. आईला तिसऱ्या चौकातलं घर मिळालं. शेजारी बसवराजची रुद्रम्मा मावशी आणि तिची सून शांतम्मा. समोर पाटलांचे भाऊबंद. ठरवून केलं असतं तरी इतकं मनासारखं झालं नसतं. चांगुणाबाईला खालचा चौक, आमची बाकीची घरं अशीच सगळीकडं विखुरली गेली. मी बसवराजला म्हणालो, "आता तुझी मावशी आणि माझी आई शेजारणी." तो हसला, पण त्याचं हसू लवकर मावळलं. त्याचा घसा बसलेला होता, चिठ्ठ्यांची नावं तोच मोठ्यानं वाचत होता.

११ फेब्रुवारी १९८४

आई राहायला गेली. बसवराजनं तिचा रांजण स्वतःच्या खांद्यावरून उतरवून आत नेला. आईनं भिंतीवरून हात फिरवला, उंबऱ्यावर थोडा वेळ उभी राहिली, आत जाईना. मी म्हणालो, "चल की." म्हणाली, "एवढं मोठं दार कशाला केलंस रे? समदं दिसतंय."

"दिसावं म्हणूनच केलंय."

मग तिनं चूल मांडली. बसवराज भिंतीला टेकून बसला. "अव्वा, ठेचा वाढ." त्याला आईच्या हातचा ठेचा लागतो, नाकाडोळ्यांतून पाणी येईस्तोवर खातो. तो कॉलेजात असल्यापासून तिला अव्वाच म्हणतो, त्याच्या कानडीत आई. निघताना तिनं आम्हा दोघांच्याही गालांवरून बोटं फिरवून कानशिलावर मोडली. शेजारच्या शांतम्मा दारात उभ्या होत्या. आई त्यांना म्हणाली, "ह्ये समदं माझ्या गुंडूनं काढलंय." शांतम्मांनी मान हलवली आणि आत गेल्या.

मोटारसायकलवर मागं बसून येताना बाबा असते तर, एवढंच मनात येत होतं.

४ मार्च

गावात फेरी मारली. तिसऱ्या चौकात लोकांनी हापशाभोवती दगडी कट्टा बांधलाय. हापशाला हळदीकुंकू लावलंय, नारळ फोडलाय, कट्ट्यावर एक लहानसा देवही आणून ठेवलाय. मी नकाशात फक्त एक हापसा काढला होता. त्याला त्यांनी आपला केला. आर्किटेक्टला यापेक्षा मोठी पावती नाही. फोटो काढून घेतले.

आई घरी नव्हती. खालच्या चौकाकडून घागर घेऊन येत होती. मी विचारलं, "दारात हापसा सोडून तिकडं कामून?"

"खालचं पाणी गोड हाय. आन् चांगुणाबाई भेटती."

जुनी सवय. आयुष्यभर लांबून पाणी आणलं, आता जवळचं पाणी तिला पाणीच वाटत नाही. जाईल हळूहळू. मला म्हणाली, पुढच्या खेपेला धाकटी घागर आण, ही पेलत न्हाई.

२५ मार्च

आमच्या लोकांपैकी दहा-बारा जण ऑफिसात आले. घरं बदलून एका रांगेत द्या म्हणतात. मी सरळ नाही म्हणालो. कितीदा समजावलं, की तुम्ही पुन्हा कोपऱ्यात गेलात तर मी हे गाव काढून उपयोग काय. ते ऐकून घेत होते. चांगुणाबाई दाराशी उभी होती. म्हणाली, "आमी भिऊन न्हाई मागायलो. तू पाण्याचं बग."

मी बसवराजला सांगितलं, हापशांचे वायसर तपासायला मिस्त्री पाठव. त्यानं माझ्याकडं असं पाहिलं की काहीतरी बोलणार आहे. मग "पाठवतो," म्हणाला.

दुखतं ते हे, की विरोध गावातून येईल म्हणून मी तयारीत होतो आणि आला आपल्याच माणसांकडून.

१५ एप्रिल

काल जयंती नव्या समाजमंदिरात झाली. पाटील येऊन हार घालून गेले. आई पांढरं लुगडं नेसून पुढं बसली होती. वाळली आहे. हातांच्या शिरा वर आल्यात. वय झालं.

तिच्या घराचं चौकाकडचं दार बंद असतं. मागच्या परसातून ये-जा करते. मी दार उघडलं तर म्हणाली, "राहू दे, मागनं वारं येतंय." मी वाऱ्याचा अभ्यास करूनच ती दारं ठेवली होती. पश्चिमेचं वारं पुढच्याच दारातून यायला हवं. मागं बहुधा झाडं आडवी येत नसतील. पुढच्या वेळी बघायला पाहिजे.

घरी आल्यावर इंदिरा म्हणाली, "आत्याबाईंना इकडं घिऊन या. उन्हाळाभर तरी."

मी म्हणालो, जून महिन्यात बंगलोरहून सरकारची मंडळी गाव पाहायला येणार आहेत. वेगवेगळ्या जातींची माणसं एका चौकात राहतात हे त्यांना दाखवायचं आणि नेमकं त्या वेळी माझ्याच आईच्या घराला कुलूप? लोक काय म्हणतील?

"लोकांचं मला म्हाईत न्हाई," इंदिरा म्हणाली. "मी आत्याबाईंचं बोलायलेय."

३० एप्रिल

बसवराजचं काहीतरी बिघडलंय. शाळेचं काम फेब्रुवारीत संपलं, तरी तो आठवड्यातून दोनदा, सोमवार आणि शुक्रवार, जांबखेडला जातो. विचारलं तर "जरा बघून येतो" म्हणतो. काय बघतो? आज त्याच्या सदऱ्याची बाही कोपरापर्यंत ओली होती. तिकडं पाटलांच्या पोराला बंगला बांधायचा आहे असं कानावर आलंय. बसवराज ते काम ऑफिसच्या बाहेर करतोय की काय? तसं असेल तर त्यानं सांगावं. चौदा वर्षांची भागीदारी आहे. मी अडवणार नाही, पण लपवू नये.

६ मे

गुलबर्ग्याच्या कोर्टाच्या इमारतीला नवा मजला चढवायचाय. कुणीतरी आठवडाभर तिथं राहून मोजमापं घ्यायला हवीत. मी बसवराजला म्हणालो, तू जा. तो म्हणाला, "तू जा की गुंडेराव, मला इकडं काम हाय."

"कसलं काम?"

तो पेन्सिलीला टोक करत राहिला. मग मीच आवाज चढवला. म्हणालो, भागीदार असशील तर जाशील. खाली दुकानदारापर्यंत ऐकू गेलं असेल. त्यानं मोजपट्टी उचलून पिशवीत टाकली. "ठीक हाय. जातो. तू या आठवड्यात एकदा अव्वाकडं जाऊन ये मात्र."

"जाईन," मी म्हणालो.

माझ्या आईकडं जायला यानं सांगावं!

१२ मे, जांबखेड

आई गेली.

१३ मे

काल पुढं लिहवलं नाही. आज जे घडलं ते लिहून ठेवतो, नाहीतर डोक्यात नुसतं फिरत राहील.

शनिवारी दुपारी खालच्या चौकाकडून पाणी घेऊन येताना शाळेजवळच्या मोकळ्या माळावर आई खाली बसली ती उठली नाही. ऊन लागलं. चांगुणाबाईला उशिरा दिसली. तिनं आणि दोघा-तिघांनी उचलून घरी आणलं, तोवर संपलं होतं. ठाणाकुशनूरहून डॉक्टर आला तो नुसता हात लावून गेला. मी पोचलो तेव्हा आई चटईवर होती. मी या आठवड्यात गेलो नव्हतो. उद्या जाऊ, उद्या जाऊ म्हणत होतो. बंगलोरच्या मंडळींसाठी मोठा नकाशा रंगवत बसलो होतो.

आज सकाळी आंघोळ घालायला पाणी पाहिजे होतं. रांजण कोरडा. तळाला हात लावला, ओलसुद्धा नव्हती. मी घागर उचलून पुढचं दार उघडलं आणि हापशावर गेलो. कट्ट्यावर बायका होत्या. मला पाहून त्या थांबल्या. माझ्यामागून चांगुणाबाई धावत आली, "गुंडू, तिथं नगं रे," असं दबक्या आवाजात म्हणाली.

तेवढ्यात पाटलांच्या घरचा एक जण पुढं आला. "साहेब, तुमी कामून? द्या इकडं, मी भरून देतो." त्यानं माझ्या हातून घागर घेतली, हापसून भरली, माझ्या हातात दिली. अगदी अदबीनं.

तिथं उभ्या-उभ्या मला सगळं कळलं. गोड पाणी, मागचं वारं, धाकटी घागर. मी साहेब म्हणून मला पाणी भरून मिळालं. आईला त्या कट्ट्यावर पाय ठेवता येत नव्हता. तो कट्टा, ते हळदीकुंकू, मी ज्याचे फोटो काढले.

त्याच पाण्यानं तिला आंघोळ घातली. दुसरं नव्हतं.

१४ मे

बसवराज गुलबर्ग्याहून आला. मी समाजमंदिराच्या पायरीवर बसलो होतो. तो मोटारसायकल आडवी टाकून तसाच घराकडं पळाला, मग माझ्यापाशी येऊन उभा राहिला. मी म्हणालो, "तुला माहीत होतं."

"व्हय."

"कधीपासून?"

"पहिल्या हप्त्यापासून. मावशीच म्हणाली, हापसा बाटायला नको म्हणून देव बसवलाय. मी तिच्याशी भांडलो. पाटलाकडं गेलो. पाटील म्हणाला, आमी कुणाला अडवलं न्हाई, बाई स्वतःच येत न्हाई. खरं होतं ते. एक दिवस अव्वा गेली होती. कुणी काय बोललं न्हाई. नुसतं तिनं भरल्यावर रुद्रम्मा मावशीनं हापसा राखेनं घासून धुतला, तिच्यासमोर. त्यानंतर अव्वा गेली न्हाई."

"आणि तू मला सांगितलं नाहीस."

"तिनं गळ्याची आण घातली होती. म्हणाली, गुंडूचं गाव आधी पुरं हू दे. त्याला कळलं तर तो भांडंल, काम जाईल, नाव जाईल. त्याच्या बापाची इच्छा होती म्हणाली. म्हणून मी सोमवारी-शुक्रवारी येऊन तिचा रांजण भरून जात होतो. मला कोण अडवणार? माझीच मावशी." त्यानं चष्मा काढून हातात घेतला. मग म्हणाला, "मी भांडायला पाहिजे होतं. पाणी भरणं सोपं होतं म्हणून पाणी भरत राहिलो."

सोमवारी आणि शुक्रवारी. मीच त्याला गुलबर्ग्याला पाठवलं.

मला त्याला मारावंसं वाटत होतं आणि त्याच्या गळ्यात पडावंसंही. दोन्ही केलं नाही. तो माझ्याशेजारी पायरीवर बसला. ऊन उतरेपर्यंत आम्ही तिथंच होतो.

२० मे

आज विधी झाला. आमच्यात त्याला जलदान म्हणतात. लोकांना बोलवताना तो शब्द मला उच्चारता आला नाही. इंदिरानं सगळ्यांना सांगितलं.

दुपारी माणसं पांगल्यावर शांतम्मा मागच्या दारानं आल्या. पदर तोंडाला लावून भिंतीशी उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "अण्णा, त्या दिवशी मी शेतावर गड्यांना पाणी घेऊन शाळेकडनं चालले होते. अक्का उन्हात बसलेल्या मी पाहिल्या. वाटलं, दमल्यात, उठतील. माझ्या कडेवर भरलेली घागर होती. द्यावं का पाणी, असं मनात आलं. सासू मागून येत होती. मी पुढं चालत राहिले."

इंदिरा म्हणाली, "आता कशाला सांगायलात?"

"मला झोप लागंना झाली," शांतम्मा म्हणाल्या.

मला त्यांना शिव्या द्यायच्या होत्या. पण त्या मागच्या दारानं आल्या होत्या, सासूच्या नजरेआड. त्यांनाही त्यांचं पुढचं दार नाही. इंदिरानं त्यांना बसायला पोतं दिलं. त्या बसल्या. मग दोघी रडल्या आणि मी उठून बाहेर गेलो.

२ जून, बीदर

अदलाबदलीची अट काढून टाकावी असा अर्ज मी स्वतः केला. पुनर्वसन खात्याच्या साहेबांना नवल वाटलं. "तुम्हीच तर ती घातली होती. बंगलोरच्या लोकांना काय दाखवायचं?" मी म्हणालो, शाळा दाखवा.

मंजुरी मिळाली. आता नवा नकाशा काढायचा. आमच्या लोकांना पूर्वेच्या कडेची, बांधून झालेलीच घरं अदलाबदल करून एका रांगेत, त्यांच्यासाठी वेगळा हापसा. जे मोडायला निघालो होतो तेच माझ्या हातानं काढतो आहे. बसवराज म्हणाला, "मी काढतो, तू राहू दे." मी नाही म्हणालो. माणसांना विचारून काढलेला हा पहिलाच नकाशा, आणि तो असा.

रेघ ओढताना हात थांबतो. हे बरोबर आहे का? मला खरंच माहीत नाही. लोकांना हाकेच्या अंतरावर आपलं माणूस हवं, यात चूक काय? पण मग हापसा धुणारे जिंकले. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि मला दोन्ही एका कागदावर बसवता येत नाहीत.

१० जून

चांगुणाबाई एसटीनं एकटीच बीदरला आली. माडीवर येऊन बोर्डाशी उभी राहिली. "ह्यात माझं घर कुठं हाय?"

मी रांगेतलं घर दाखवलं.

"खोड ते. मी न्हाई हलणार."

"चांगुणाबाई, मार्चमध्ये तुम्हीच बदलून मागायला आला होता."

"आले होते. तवा तुझी आई, सुभद्राबाई, जित्ती होती. समदे संगं राहू असं वाटत होतं." ती खाली बसली. "आता मी गेले तर ते काय म्हणतील, एक मेली की बाकीच्या पळाल्या. माझ्या चौकातला हापसा माझ्या दारापासून हाकेवर हाय. मी रोज जायलेय. एक-दोघी भरू देतात, बाकीच्या भांडत्यात. परवा घागर लाथाडली. मी दुसरी आणली."

बसवराज म्हणाला, "आम्ही दोघं येतो. तुमच्यासोबत हापशावर उभं राहतो."

"तुमी आलात तर साहेब म्हणून भरू देतील," ती म्हणाली. "आन् तुमी गेल्यावर? न्हाई. हापशावर येऊ नका. माझं घर तेवढं जागेवर ठिवा."

मी रांगेतलं तिचं घर खोडलं. खालच्या चौकात तिचं नाव पुन्हा लिहिलं. मला अभिमान वाटायला हवा होता. भीती वाटली. आईच्या वेळी मी बळजबरी केली, इथं ती स्वतः ठरवून राहते आहे, हा फरक मोठा आहे असं बसवराज म्हणतो. असेल. ऊन तेच आहे.

तिला एसटीत बसवून आलो. खिडकीतून म्हणाली, "तुझी आई तुला काय म्हणायची म्हाईत हाय का? पोरगं शाणं हाय, पर ऐकत न्हाई." आणि हसली. मलाही हसू आलं, पहिल्यांदाच. मग गाडी सुटली आणि मी स्टँडवर बाकावर बसून रडलो.

१७ जून, जांबखेड

अजून पावसाचा पत्ता नाही. सकाळीच आलो. आमच्या लोकांची सामानाची बैलगाडी पूर्वेच्या रांगेकडं चालली होती. आईच्या घराला कुलूप आहे.

चांगुणाबाईनं हापशावर येऊ नको म्हटलं होतं, ओट्यावर बसू नको असं म्हटलं नव्हतं. म्हणून तिच्या ओट्यावर बसलो. तिनं मला पाहिलं आणि घागर घेऊन गेली. कट्ट्यावर बायकांचा गलका झाला. शब्द कळत नव्हते. मी दोन्ही हातांनी ओट्याची कड धरून बसून राहिलो. उठायचं नाही, एवढंच स्वतःला सांगत होतो. ती रिकामी परत आली. आत जाऊन पदरानं तोंड पुसलं आणि चुलीला लाकूड सारलं.

ऊन चढल्यावर पुन्हा गेली. या वेळी बराच उशीर लागला. कट्ट्यावर एकच म्हातारी उरली होती, ती हापशाच्या दांड्याला हात लावून तशीच उभी. चांगुणाबाई तिच्यासमोर उभी. मग म्हातारीनं दांडा सोडला आणि पाठ फिरवून निघून गेली. म्हातारीनं नंतर कुणाला हापसा धुवायला सांगितलं की नाही, ते मला कळलं नाही.

घागर अर्धीच भरली होती. चांगुणाबाईनं मला तांब्याभर पाणी दिलं, उरलेलं रांजणात ओतलं, आणि रिकामी घागर कमरेवर घेऊन परत हापशाकडं निघाली.